डांबरातून वीज जात नाही

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्या आधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि ती सहीही बाबा होडीचा नांगर टाकावा तशी, जड हातानं, एकदाच टाकतात. लिहिणाऱ्या माणसांकडे सांगण्यासारखं काहीतरी मोठं असतं, असं मला वाटत आलंय. माझ्याकडे आहेत एका जुन्या छोट्या गाडीला बसवलेले दोन जादा दिवे. त्यावर कुणी का वाचावं, हे मलाही नीट सांगता येणार नाही. जे तोंडानं बोलायला हवं होतं ते मी बोललो नाही, म्हणून कागदावर लिहितोय. एवढंच कारण आहे आणि ते काही चांगलं कारण नाही.

आमचं गाव दिवा स्टेशनच्या पुढे, खाडीला लागून. एका अंगाला आगरी शेजाऱ्यांची बंद पडलेली मिठागरं, दुसऱ्या अंगाला आमची कोळ्यांची वस्ती. डांबरी सडक गाठायची तर मिठागरांच्या बांधावरून कच्च्या रस्त्यानं जावं लागे. दोन्ही बाजूंना चिखल, मध्ये एका गाडीपुरती वाट. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादूस, त्याच वाटेनं रोज पहाटे आईची आणि शेजारच्या बायकांची मासळी कल्याणच्या बाजारात पोचवायचा. त्यासाठीच त्यानं तिसऱ्या हाताची एक छोटी पांढरी गाडी घेतली होती. मागची सीट काढून टाकलेली, तिथं पाट्या आणि बर्फ. वस्तीतली पहिलीच गाडी, त्यामुळे टिंगलही पहिल्या दिवसापासून. "दादूस, गारीला वल्ही कुठं ठेवलीस?" असं नाक्यावरून कुणीतरी ओरडायचंच. दादूस म्हणायचा, "तुझ्या बापाकडं ठेवलीत, मागून घे."

बाबांना मात्र तो विनोद वाटत नसे. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे होडीच होती. नारळी पौर्णिमेला होडीवर नारळ फोडला की दुसरा गाडीपुढे फोडायचे. आणि पावसाळ्यात होडी वर ओढून तिला डांबर लावलं की उरलेलं डांबर घेऊन गाडीखाली आडवे व्हायचे आणि तिच्या बुडालाही चोपडायचे. "खारं वारं लोखंडाला लाकडापेक्षा लवकर खातं," असं म्हणायचे. ते खरंही होतं. त्या गाडीचं बूड तिच्या छपरापेक्षा जास्त शाबूत होतं.

बाबांच्या डांबराला वस्तीत मान होता. आमच्याकडे अशी रीत होती की हंगामाआधी कुणाचीही होडी डांबरायची तर पहिला हात बाबांचा. ते कुंचा घेऊन नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, एकच लांब पट्टा ओढायचे आणि बाकीचं घरच्यांवर सोडायचे. त्यांच्या हातची होडी झिरपत नाही, असं म्हणत. त्याबद्दल कुणी त्यांना काही देत नसे, घेतलंही नसतं. त्या चार दिवसांत बाबा घरात जेवायला बसले की आई त्यांच्या काळ्या बोटांकडे बघून खोटंच रागवायची. तो आमच्या घरातला सगळ्यात आनंदाचा काळ असायचा. मी कॉलेजात गेलो तेव्हा घरात आनंद झाला होता, पण त्यात थोडी भीती होती. डांबराच्या आनंदात भीती नव्हती.

थंडीत बांधावर धुकं उतरतं. गाडीचे मूळचे दिवे पिवळे, म्हातारे. दादूसनं कल्याणच्या भंगारवाल्याकडून दोन गोल दिवे आणले. जाड काचेचे, चांगला लांबवर उजेड टाकतील असे. ते घेऊन आम्ही दोघं ठाकुर्लीला गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांच्या टपरीवर गेलो. काकांनी दिवे उलटेपालटे केले आणि म्हणाले, रिले नावाचा वेगळा स्विच लागेल, बॅटरीपासून वेगळी जाड वायर लागेल, वेगळा फ्यूज लागेल, परवा या.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो, विषय भौतिकशास्त्र. मी म्हटलं, "रिले कशाला? सर्किट तर साधं आहे. मी घरीच करीन."

माझ्या आवाजात काय होतं ते मला आज ऐकू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

काकांनी दिवे कागदात गुंडाळून परत दिले. "कर की. बारा व्होल्टच आहेत. शॉक बसत नाही." आणि आत वळता वळता, "आग लागते, एवढंच."

दादूस हसला. त्याला तो टोमणा वाटला. माझ्या पाठीवर थाप मारून बाहेर आल्यावर म्हणाला, "म्हातारा जळतोय रे. शिकलेला दिसला ना."

मे महिन्यातल्या एका रविवारी मी दिवे बसवले. अंगणात खाट टाकून त्यावर माझा कागद ठेवला होता. त्यावर बॅटरी, स्विच, फ्यूज, दिवे, सगळं पट्टीनं आखून काढलेलं. आईनं तो कागद शेजारणींना दाखवला. त्या सगळ्या जणी तो देवाचा फोटो बघतात तशा बघून गेल्या. कागदाच्या कोपऱ्यात गणित होतं: दोन दिवे, प्रत्येकी पंचावन्न वॅट, भागिले बारा, म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास. वायर तेवढं सहज पेलणार होती. समोरच्या पट्टीला भोकं पाडून दिवे आवळले. दिव्यांची अर्थची वायर, म्हणजे वीज परत जायची वाट, गाडीच्या अंगालाच एका स्क्रूखाली दाबली. आणि वीज कुठून घ्यायची, तर डॅशबोर्डच्या मागे मूळच्या हेडलाइटची वायर होतीच. तिलाच सोलून मी जोड दिला. वेगळी ओढायची गरजच काय, असं वाटलं.

संध्याकाळी दिवे लावले. पांढरा उजेड जाळी ठेवायच्या खोपीच्या भिंतीवर जाऊन आदळला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा उजेडात आडवे आले. भिंतीवर त्यांची सावली छपराएवढी पडली. तिच्याकडे बघत ते म्हणाले, "शिकलास तर शिकलास."

एवढं कौतुक त्यांनी त्याआधी माझं केलं नव्हतं. नंतरही नाही.

श्रावणात पाऊस जरा उघडला आणि डांबराचे दिवस आले. मी आत पुस्तक घेऊन बसलो होतो. बाबा दारात येऊन उभे राहिले, हातात डबा. "बाला, दिव्याच्या लोखंडाला नि तुझ्या त्या स्क्रूला खारं लागंल. डांबर लावू का?"

मी मान वर न करता म्हटलं, "लावा."

हे मी मुद्दाम लिहितोय. त्यांनी विचारलं होतं.

मार्गशीर्षात धुकं उतरायला लागलं तेव्हा ते दिवे पहिल्यांदा नीट वापरात आले. मे महिन्यात आम्ही ते दोन मिनिटं लावले होते. आता रोज अर्धा-पाऊण तास जळायचे. आठवडाभरात दादूस म्हणाला, "चारी दिवे एकदम लावले की थोड्या वेळानं फ्यूज उडतो." मी नवा घातला. तोही उडाला. मग मी मोठा घातला. दादूसनं विचारलं, "आता नाय ना उडणार?" मी म्हटलं, "आता नाही उडणार." तेवढं मात्र खरं बोललो होतो.

पौषात एका पहाटे गाडी बांधावरून खाली गेली.

मी पोचलो तोवर उजाडलं होतं आणि लोकांनी दादूसला काढून कल्याणला दवाखान्यात नेलं होतं. त्या दिवशी गाडीत तो एकटाच होता. गाडी मिठागराच्या जुन्या खाचरात नाकावर उभी होती. बोंबील चिखलात विखुरले होते आणि कावळे आले होते. बांधावर सगळी वस्ती जमलेली. दादूसला बाहेर काढणाऱ्यांनी एवढंच ऐकलं होतं की समोरचे चारही दिवे एकदम गेले.

माझे चुलते माझ्याकडे वळले. "तू बसवलेले ना दिवे? कसे गेले रे एकदम?"

मी खाली उतरलो. पँट पोटरीपर्यंत चिखलात. सगळे वरून बघत होते, आणि मला फक्त एवढंच हवं होतं की त्यांनी दुसरीकडे कुठंतरी बघावं. एक दिवा फुटला होता, दुसरा शाबूत होता. त्याच्या मागे माझा स्क्रू होता आणि स्क्रूवर डांबराचा जाड काळा गोळा.

मी म्हटलं, "डांबर."

"काय डांबर?"

"अर्थच्या स्क्रूवर डांबर बसलंय. डांबरातून वीज जात नाही. परतीची वाट बंद झाली."

हे वाक्य खोटं नाही. परीक्षेत लिहिलं तर पूर्ण गुण मिळतील. सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. ते बांधाच्या कडेला उकिडवे बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"जात नाय?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

त्यांना म्हणता आलं असतं, की तुला विचारून लावलं. मी वाट बघत होतो त्याची. ते उठले आणि चिखलातले बोंबील गोळा करायला लागले, एकेक करून, जणू ते अजून विकायचे होते.

दवाखान्यात दादूसचा पाय वजन लावून टांगला होता. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं. बाबा पायथ्याशी उभे, मी उशाशी. दादूस म्हणाला, "आधी वास आला रे. रबर जळल्यागत. मी बोललो, बर्फाच्या गोणपाटाला काय झालं का. मग एकदम काळोख."

मी पाण्याचा पेला भरत होतो. परतीची वाट तुटली तर वास येत नाही. हे मला त्याच क्षणी कळलं. पेला भरून सांडेपर्यंत मी ओतत राहिलो आणि आई म्हणाली, "लक्ष कुठं हाय तुझं?"

गाडी दोर लावून अंगणात आणून टाकली होती. चौथ्या दिवशी घरातले सगळे दवाखान्यात असताना मी एकटा गेलो. दुपारची वेळ होती. स्क्रूवरचं डांबर नखानं सोललं आणि स्क्रू ढिला केला. खाली लोखंड पांढरं, लखलखीत होतं. बाबांनी आधी कानस मारून गंज घालवला होता, रंग खरवडला होता, वायर त्या उघड्या लोखंडावर घट्ट दाबली होती आणि मग वरून डांबर लावलं होतं. होडीचा खिळा ते असाच बसवतात. माझ्या हातून तो स्क्रू रंगावरच आवळला गेला होता. माझी चूक त्यांनी न बोलता दुरुस्त केली होती, त्यांना ती चूक आहे हेही ठाऊक नसताना.

तरी मी स्क्रू परत आवळला आणि बॅटरीपासून एक सुटी वायर थेट शाबूत दिव्याला लावून बघितली.

दिवा लागला. भर दुपारी, अंगणात, सगळ्या उन्हात तो पांढरा दिसत होता. मी वायर ओढून काढली आणि कुणी बघितलं का ते बघायला मान वळवली. कुणी नव्हतं. एक मांजर होतं.

मग डॅशबोर्डच्या मागे हात घातला. माझा जोड तिथं होता, किंवा नव्हता. वीतभर वायर वितळून, काळी पडून, स्विचला चिकटून तुटली होती. मी ती तोडून खिशात घातली आणि डॅशबोर्डचं झाकण लावून टाकलं.

का घातली खिशात? मला सांगता येत नाही. फेकली असती तर निदान पुरावा नाहीसा केला असं म्हणता आलं असतं. मी ती कंपासपेटीत ठेवली, आणि आठ दिवसांनी ठाकुर्लीच्या काकांपुढे टेबलावर ठेवली.

त्यांनी चष्मा वर केला. "कुणाचं काम?"

"एका मित्राचं."

"जादा दिवे बसवले?"

"हो."

"हेडलाइटच्या वायरवरून वीज घेतली?"

"हो."

"त्यानं नव्या दिव्यांचं गणित केलं असणार. त्या वायरवर आधीचे दोन दिवे होते, ते मोजलेच नाहीत. नऊ आणि दहा एकोणीस. पहिलीतली बेरीज." त्यांनी वायर नाकाशी नेऊन हुंगली. "फ्यूज उडाला नाही?"

"उडत होता. मोठा घातला."

काकांनी चष्मा खाली घेतला. मग वायर माझ्याकडे सरकवली. "चोर आला म्हणून कुत्रं भुंकत होतं. तुझ्या मित्रानं कुत्रं मारलं." आणि मी उठताना, "कुणाला लागलं का?"

"पाय मोडला," मी म्हटलं. "मित्राच्या भावाचा."

ते मला ओळखत होते. दिवे कागदात गुंडाळून त्यांनी माझ्याच हातात दिले होते.

दादूस चार महिन्यांनी उठला. एक पाय आखूड राहिला. क्लच दाबला की कळ मारते म्हणून गाडी गेली ती गेलीच. आता तो दिवा स्टेशनजवळ एका इमारतीच्या फाटकावर रखवालीला बसतो. त्यानं मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. उलट फाटकावर कुणी भेटलं की सांगतो, माझा भाऊ सायन्सला आहे.

वस्तीत मात्र एक नवी गंमत सुरू झाली. कुणाच्या घरी वीज गेली, कुणाचा रेडिओ बंद पडला की कुणीतरी म्हणायचं, "बघा रे, म्हाताऱ्यानं डांबर लावलंय का?" त्यात फार वाईट बुद्धी नव्हती. आमच्याकडे मेलेल्या माणसावरही विनोद करतात. एकदा नाक्यावर मी उभा असताना एकजण तसं म्हणाला, आणि सगळे हसले, आणि मीही हसलो. या सगळ्यात मला सर्वात जास्त ते हसणं आठवतं.

पुढच्या हंगामाआधी पहिल्या हाताला बाबांना कुणी बोलावलं नाही. मुद्दाम टाळलं असंही नाही. दर वेळी कुणी ना कुणी म्हणायचं, "बाबा, तुमचं वय झालं, कशाला उन्हात," आणि होडी डांबरून मोकळे व्हायचे. बाबांनी आमच्या होडीला मात्र डांबर लावलं. सवयीनं कुंचा नाळेकडे नेला, मग खाली घेतला, मग दुसऱ्याच जागेवरून सुरुवात केली. त्या दिवशी जेवताना आईनं त्यांच्या बोटांबद्दल काही म्हटलं नाही.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एका संध्याकाळी ते जाळं विणत बसले होते. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, "बाबा, त्या दिव्यांचं जरा बोलायचं होतं."

त्यांनी सुई थांबवली नाही. "ऱ्हाऊ दे आता. तू शिकलेला, तुला कळतं. माझ्या अडाणीपनानं पोराचा पाय गेला, ते माझ्यासंगं जाईल."

"तसं नाही—"

"तू बोललास तेच खरं. नायतर तुला शिकवला कशाला?"

यावर काय म्हणायचं होतं ते मला सुचलं नाही. म्हणजे, सुचलं होतं. एकच वाक्य होतं. पण ते म्हटलं असतं तर त्यांच्याकडे डांबर परत आलं असतं आणि त्यांनी ज्याच्यासाठी इतकी वर्षं खाडीचं पाणी अंगावर घेतलं तो मुलगा गेला असता. मी स्वतःला असं समजावलं. आता लिहिताना वाटतं, हा विचारही मी माझ्याच सोयीनं केला. घाबरलो होतो, बाकी काही नाही.

शेवटच्या वर्षाला मी ठाण्यात, वर्तकनगरला दोन मुलांबरोबर खोली घेतली. घरी सांगितलं, प्रॅक्टिकल उशिरा संपतात. प्रॅक्टिकल साडेचारला संपत.

या वर्षी परीक्षा झाली. निकाल लागला. पास झालो, बरे गुण मिळाले. निकालाचा कागद हातात घेतल्यावर पहिल्यांदा वाटलं, आता सांगता येईल. आता त्यांचा शिकलेला मुलगा कागदावर पक्का आहे, एका वाक्यानं तो जाणार नाही. नारळी पौर्णिमेला घरी जायचं, होडीवर नारळ फोडून झाला की सगळ्यांसमोर, चुलत्यांसमोर, ती वायर काढून दाखवायची. मी कंपासपेटी पिशवीत घातली. वाक्य पाठ केलं. पाठ केलं म्हणजे खरंच, मोठ्यानं म्हणून.

आमची आत्या ठाण्याच्या बाजारात मासळी घेऊन बसते. पौर्णिमेच्या चार दिवस आधी तिच्याकडे गेलो, म्हटलं घरी निरोप दे, मी येतोय. ती कोळंबी सोलत होती. मला बघून आधी ओरडली, "काय रे, सायेब! गुन मिलाले तर आत्याला पेढा नाय?" मग गिऱ्हाइकाला कोळंबी बांधून दिली आणि हात पुसले.

"पौर्णिमेला येतोय मी," मी म्हटलं. "होडी डांबरून झाली का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला कोनी कलवलं नाय?"

"काय?"

"होडी इकली तुझ्या बाबानं. मंगलवारी. पलीकडच्या बंदरावरच्या मानसानं नेली."

मी विचारलं, का. तिनं खांदे उडवले. गिऱ्हाईक आलं होतं, तिनं त्याला भाव सांगितला, ते पुढे गेलं. मग पाटीतल्या कोळंबीवर पाणी शिंपडत ती म्हणाली, "मी व्हते तवा. तो मानूस बुडावरनं हात फिरवून बोलला, डांबर झ्याक हाय, कोनाच्या हातचं? तुझा बाबा बोलला, माझ्याच. पन नेल्यावर सगलं खरवडून काढ नि तुझं तू लाव. माझ्या डांबराचा भरवसा नाय."